माणशी तीस पौंड

२९ नोव्हेंबर १७८१. कॅरिबियन समुद्रात ‘झाँग’ नावाच्या ब्रिटिश जहाजावरील खलाशांनी गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्रिया आणि मुलांना कॅबिनच्या खिडक्यांतून समुद्रात ढकलून दिले. त्यानंतरच्या दिवसांत पुरुषांची पाळी आली आणि बळींची संख्या १३० च्या आसपास पोहोचली. त्यांतला एक जण पाण्यात लोंबणारा दोर धरून पुन्हा जहाजावर चढला. बाकीच्यांना ती संधी मिळाली नाही. प्यायचे पाणी पुरणार नव्हते, असे कारण देण्यात आले. मात्र मध्यंतरी पाऊस पडून गेला होता आणि जहाज जमैकाला लागले तेव्हा त्यावर ४२० गॅलन पाणी शिल्लक होते.

हे प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले ते विम्याच्या दाव्यापायी. गुलाम आजाराने दगावला तर विम्याची भरपाई मिळत नसे. पण जहाज वाचवण्यासाठी मालाचा काही भाग समुद्रात टाकावा लागला, तर मिळत असे. ती माणसे कायद्याच्या लेखी माल होती, म्हणून मालकांनी माणशी तीस पौंड मागितले, आणि १७८३ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे विमा देणाऱ्यांच्या अर्जावर सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यासमोर सुनावणी झाली. ज्यूरीच्या दृष्टीने हे प्रकरण घोडे समुद्रात टाकल्यासारखेच होते, असे त्यांनी तेथे नमूद केले. फेरसुनावणीचा आदेश निघाला खरा, पण वाद अखेरपर्यंत पैशांचाच राहिला. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्प यांनी खुनाचा खटला चालवावा म्हणून जिवाचे रान केले, तरीही त्या मृत्यूंसाठी कोणावरही खटला भरला गेला नाही.

‘आम्ही कायद्याबाहेर काही केले नाही’ हे वाक्य आजही मोठ्या निर्धास्तपणे उच्चारले जाते. शासन कोणत्या कृत्याला शिक्षा करणार नाही, एवढेच त्यातून कळते. ते कृत्य करावे की नाही, हा प्रश्न ते करणाऱ्याच्या पदरी तसाच उरतो, आणि नियमावर बोट ठेवून तो दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही. कायदा माणसेच करतात. ज्यांच्या हाती तो करण्याची सत्ता असते, त्यांचे हितसंबंध त्यात उतरतात, आणि ‘झाँग’च्या तळघरात साखळदंडांत बांधलेल्यांना तो करताना कोणीही विचारलेले नव्हते.

म्हणून कायदा झुगारून द्यावा, असे मी म्हणत नाही. दुबळ्याला बहुतेक वेळा कायद्याचाच आधार असतो, आणि जो तो आपापल्या मर्जीने न्याय करू लागला तर पहिला बळी दुबळ्याचाच जातो. पण कधी कधी तोच कायदा दयेलाही गुन्हा ठरवतो. अमेरिकेत १८५० च्या पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्याने पळून आलेल्या माणसाला लपवणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली होती. तरीही त्या काळात, रात्री दारावर थाप पडली की दार उघडणारे लोक होते, आणि दार उघडताना आपण कायदा मोडतो आहोत हे त्यांना पुरते ठाऊक होते.

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ मध्ये बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. जे काल कायदेशीर होते ते आता बेकायदा ठरले. मात्र त्याच कायद्याने दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली, ती गुलामांच्या मालकांना. मुक्त झालेल्यांना एक पैसाही मिळाला नाही. उलट त्यांतल्या बहुतेकांना काम शिकण्याच्या उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत जुन्याच मालकांकडे राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये मिटवला. तोपर्यंत ते कर्ज फेडणाऱ्या करदात्यांमध्ये त्या गुलामांचे वंशजही होते.