एकटीचं तिकीट

(दृश्य : डॅन्यूब नदीवरच्या वाफेच्या बोटीचं जुनं चित्र)

२२ मार्च १८४२. व्हिएन्नाहून डॅन्यूब नदीतून एक बोट निघाली आहे. बोटीवर ४४ वर्षांची एक बाई आहे, इडा फायफर. दोन मुलगे हाताशी आलेत. नवऱ्यापासून ती वेगळी राहते. चित्रकला आणि संगीत शिकवून, हात आखडता ठेवून तिने ही पोरं वाढवली. दूरचे देश बघायची ओढ तिला लहानपणापासूनची. पण संसार सुरू झाला आणि ती ओढ मनातच राहिली.

ओळखीच्यांना तिने सांगितलंय, कॉन्स्टँटिनोपलला स्नेह्यांकडे चालले आहे. खरं तर ती जेरुसलेमला निघाली आहे, आणि तिथून पुढे इजिप्तला. जाण्याआधी तिने मृत्युपत्रसुद्धा करून ठेवलंय.

परत आल्यावर तिने प्रवासाची हकीकत छापली, सुरुवातीला स्वतःचं नाव न घालता. त्या पैशांतून १८४५ मध्ये ती आइसलँडला गेली. १८४६ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली : ब्राझील, चिली, ताहिती, चीन, भारत, इराण. १८४८ मध्ये घरी आली, आणि १८५१ मध्ये पुन्हा दुसऱ्या प्रदक्षिणेला. बर्लिनच्या भूगोल संस्थेने तिला मानद सदस्य केलं. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत मात्र तेव्हा बायकांना प्रवेशच नव्हता.

(दृश्य : जंगलातली पायवाट, झाडांवर रंगवलेल्या खुणा)

आता शंभरहून अधिक वर्षं पुढे येऊ. १९५५, अमेरिका. एमा गेटवूड, वय ६७. अकरा मुलांची आई. नवऱ्याची मारहाण अनेक वर्षं सोसून शेवटी घटस्फोट घेतलेली. मुलांना तिने इतकंच सांगितलं, जरा चालायला जाते. आणि अ‍ॅपलेशियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरवाट ती एकटी, एका हंगामात, पूर्ण चालून गेली. पायात कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी.

दोघींनीही घरच्यांना पूर्ण खरं सांगितलं नाही. मला यात लबाडी दिसत नाही. खरं सांगितलं असतं तर किती जणांनी किती परींनी अडवलं असतं, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं.

(दृश्य : रेल्वे फलाट, खिडकीपाशी बसलेली पन्नाशीची स्त्री)

आज पंचेचाळिशीत, पन्नाशीत पहिल्यांदा एकटीने निघणाऱ्या बाईला सहसा मृत्युपत्र करावं लागत नाही. तिला उत्तरं द्यावी लागतात. एकटीच का? घरी काही झालंय का? कुणी सोबत मिळालं नाही का? पुरुष एकटा निघाला तर कामाला निघाला असेल, असं धरून चालतात. बाई निघाली की कारण शोधलं जातं, आणि ते कारण दुःखाचंच असणार असंही ठरवून टाकलं जातं.

काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. जोडीदार गेलेला असतो, लग्न मोडलेलं असतं, मुलं लांब गेलेली असतात. पण कितीतरी जणींचं सगळं ठीक असतं. घर भरलेलं असतं, माणसं प्रेमाची असतात, आणि तरीही तिला चार दिवस एकटीने कुठेतरी जायचं असतं. या इच्छेला दुःखाचा आधार असायलाच हवा, असं काही नाही.

लोक म्हणतात, या वयात एकटीला जमेल का? या प्रश्नाचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. घरातल्या प्रत्येक सहलीची तिकिटं कुणी काढली? कुणाचा डबा, कुणाचं स्वेटर, कुणाला गाडी लागते म्हणून कुठली गोळी, हे कुणाच्या डोक्यात होतं? गाडी चुकली तेव्हा पुढची कुणी शोधली? जी बाई वीस वर्षं चार-सहा जणांचा प्रवास सांभाळत आली, तिला एका माणसाचा प्रवास जड जात नाही. व्यवस्था तिला येतेच.

अवघड असतं ते दुसरंच.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ती खोलीत सामान ठेवते, बाहेर येते आणि थांबते. डावीकडे जायचं की उजवीकडे? आत्ता जेवायचं की नंतर? समोरचं संग्रहालय बघायचं, की नुसतं बाकावर बसायचं? या प्रश्नांची उत्तरं तिने आजवर इतरांची भूक, इतरांचे पाय आणि इतरांचा कंटाळा बघून दिलेली असतात. आता विचारायला कुणी नसतं. मला काय हवंय, हे आठवायला तिला वेळ लागतो. पहिले एक-दोन दिवस अनेकींना अस्वस्थ, रिकामे वाटतात ते यामुळे. ही घाबरण्यासारखी गोष्ट नाही. सहल फसली असंही नाही. वर्षानुवर्षं न वापरलेला पाय पुन्हा चालायला लागावा, तसं हे आहे. थोडं दुखतं.

म्हणून पहिला प्रवास छोटा असावा, आणि त्यात मोकळा वेळ भरपूर असावा. दिवसभराचं वेळापत्रक आखून निघालं, तर फक्त घरचं वेळापत्रक बदलून प्रवासाचं आलं, एवढंच होतं.

(दृश्य : वनस्पतींची तैलचित्रं, भिंतभर)

जिला काय हवंय ते नेमकं ठाऊक होतं, अशी एक बाई इथे सांगायलाच हवी. मेरियन नॉर्थ. वडिलांची साथसोबत करण्यात तिची तरुण वर्षं गेली. १८६९ मध्ये वडील वारले. १८७१ मध्ये, चाळिशीत, ती निघाली. जगभरच्या वनस्पती जिथे उगवतात तिथे जाऊन रंगवायच्या, एवढंच तिचं काम. जमैका, ब्राझील, जपान, बोर्निओ, भारत, ऑस्ट्रेलिया. लंडनजवळच्या क्यू उद्यानात तिने स्वतःच्या खर्चाने चित्रदालन बांधून घेतलं. १८८२ मध्ये ते उघडलं. आठशेहून अधिक चित्रं तिथे आजही भिंतच दिसणार नाही अशी खेटून लावलेली आहेत. प्रत्येकीने असं काही मोठं करावं असं मी म्हणणार नाही. पण एखादं झाड, एखादी इमारत, एखादा समुद्र, असं आपलं स्वतःचं काहीतरी बघायला निघालेल्या बाईची पहिली संध्याकाळ सोपी जाते.

(दृश्य : विमानतळ, बॅग ओढत चाललेले पाय)

शरीराबद्दलही स्पष्ट बोलू, कारण बहुतेक प्रवासवर्णनं ते टाळतात. पाळी जाण्याचा काळ साधारण ४५ ते ५५ या वयात येतो, म्हणजे नेमका याच प्रवासांच्या वेळी. अंगातून गरम वाफा येतात, रात्री झोप मोडते, पाळी केव्हाही आणि कशीही येते. म्हणून कपडे एकावर एक घालता-काढता येतील असे, सुती. पॅड कायम जवळ. आणि पोहोचल्या दिवशी कुठलीही धावपळ नको. चार तासांहून लांबच्या प्रवासात एका जागी बसून पायातल्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, म्हणून मधेमधे उठून चालावं. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावं. चष्मा दोन जोड्या. बॅग अशी, जी आपली आपल्याला डोक्यावरच्या रॅकवर ठेवता येईल.

सुरक्षिततेबद्दल फार लिहिलं जातं, तेव्हा इथे थोडक्यात. नव्या गावात उजेडी पोहोचावं. पहिल्या दोन रात्रींची खोली आधी ठरवलेली असावी. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा, म्हणजे नेटवर्क गेलं तरी अडत नाही. एका विश्वासू माणसाकडे लाइव्ह लोकेशन असावं. एकाच, दहा जणांकडे नको. पासपोर्ट लागणार असेल तर त्याची मुदत बघावी. बरेच देश पुढचे सहा महिने शिल्लक असलेली मागतात. आणि एखादी जागा, एखादा माणूस ठीक वाटला नाही तर कुणाला वाईट वाटेल याचा विचार न करता उठून निघावं. हे शेवटचं आपल्याला सर्वांत जड जातं, कारण लहानपणापासून आपल्याला नेमकं उलट शिकवलेलं असतं.

एकटीने निघायला पैसेही जास्त लागतात. हॉटेलं आणि सहल कंपन्या दोघांच्या हिशोबाने दर लावतात आणि एकट्या माणसाकडून वेगळी रक्कम घेतात. मला हा अन्याय वाटतो. तरी एकट्या प्रवाशांसाठी वसतिगृहं, घरगुती खोल्या, फक्त बायकांचे गट असे पर्याय आता मिळतात, आणि हंगाम सोडून गेलं की दरही उतरतात.

(दृश्य : पासपोर्टवर उमटणारा शिक्का)

ही मोकळीक फार जुनी नाही. हालचालीचं आणि राहण्याचं ठिकाण निवडण्याचं स्वातंत्र्य बायकांना पुरुषांइतकंच असावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या करारात १९७९ मध्ये लिहिलं गेलं. सौदी अरेबियात २१ वर्षांवरच्या स्त्रीला पुरुष पालकाच्या संमतीशिवाय पासपोर्ट काढून परदेशी जाण्याची मुभा मिळाली ती २०१९ मध्ये. म्हणजे आज पन्नाशीत असलेली तिथली बाई आयुष्यभर ज्या सहीसाठी थांबली होती, ती सही लागणं बंद झालं तेव्हा चाळिशी ओलांडून बसली होती.

आणि जिथे कायद्याची सही कधीच लागत नव्हती, तिथेही घरातली संमती लागतेच. कुणी अडवत नाही, पण निघण्याआधी आठ दिवस ती स्वयंपाक करून ठेवते, औषधांच्या डब्या भरते, फ्रिजवर याद्या लावते. गाडी सुटली की फोन सुरू होतात. गॅसचं पुस्तक कुठे आहे? मोठा टॉवेल कुठे ठेवलास? हे फोन प्रेमानेच येतात, पण तिच्या चार दिवसांतले दोन त्यातच जातात.

घरच्यांना म्हणून एक विनंती. ती निघेल तेव्हा तिला स्टेशनवर सोडायला जा. पोहोचल्याचा तिचा निरोप आला की आनंदाने उत्तर द्या. आणि टॉवेल सापडला नाही, तर तिला फोन करण्याआधी सगळी कपाटं उघडून बघा.