गळ आणि धाड

संथ चाललेली होडी. मागे पाण्यात सोडलेली लांब दोरी, टोकाला गळ, गळाला आमिष. होडी चालते तसं ते आमिष जिवंत माशासारखं पळत राहतं आणि सुरमईसारखा मासा त्यावर झडप घालतो. मासेमारीच्या या पद्धतीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. आपल्या बंदरातला ट्रॉलर वेगळा, तो जाळं ओढतो. इथे मासा आपणहून तोंड उघडतो.

ऑनलाइन चर्चेच्या जगात हा शब्द आला तो याच अर्थाने. १९८० साली अमेरिकेतल्या विद्यापीठांमधून यूझनेट सुरू झालं. विषयवार गट, लिखित चर्चा. दर सप्टेंबरला कॉलेजात नवी मुलं यायची आणि गटात शिरायची. नव्वदीच्या सुरुवातीला शहरी दंतकथांवर बोलणाऱ्या एका गटातले जुने सभासद त्यांच्यासाठी गळ टाकायचे. समजा, एखादा गंभीरपणे लिहायचा की काच हळूहळू ओघळते, म्हणून जुन्या खिडक्यांच्या काचा तळाशी जाड असतात. जुन्यांना खोडी कळायची. नवखा मात्र तावातावाने चूक दुरुस्त करायला धावायचा. लागला गळाला! पुढे उत्तर युरोपच्या लोककथांतला ट्रोल नावाचा राक्षसही या शब्दाला येऊन चिकटला.

मराठी वृत्तपत्रांत ट्रोलसाठी ‘जल्पक’ असा शब्द वाचायला मिळतो. त्यातला ‘जल्प’ न्यायशास्त्रात, म्हणजे तर्क आणि वादविवादाच्या प्राचीन भारतीय शास्त्रात भेटतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. वाद सत्य शोधण्यासाठी. जल्प जिंकण्यासाठी, त्यात शब्दच्छलही चालतो. आणि वितंडा म्हणजे स्वतःची कुठलीच बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं. मला तो गळ टाकणारा वितंडेच्या जवळचा वाटतो, कारण काच ओघळते की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

पण आज आपण ‘तिला ट्रोल केलं’ म्हणतो, तेव्हा काय घडलेलं असतं? शेकडो अनोळखी खाती एकाच बाईवर तुटून पडलेली असतात. शिव्या, घरच्यांचे फोटो, बलात्काराच्या धमक्या. गौतमाच्या तिन्ही प्रकारांत हे बसत नाही, कारण ही चर्चाच नाही. यासाठी ‘ट्रोलधाड’ हा आपला शब्द मला जास्त खरा वाटतो.

हा फरक शब्दापुरता नाही. ‘उत्तर देऊ नका, कंटाळून जातील’ हा सल्ला गळ टाकणाऱ्यासाठी ठीक आहे. मासा लागला नाही की तो उठून जातो. धाडीला तुमच्या उत्तराची गरजच नसते. धमकी हा तर भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. त्याला नुसतं ट्रोलिंग म्हटलं, की तक्रार घेऊन गेलेल्या बाईलाच ‘दुर्लक्ष करा’ असं ऐकावं लागतं, आणि याची मला खरोखर चीड येते.

साध्या गळानेही नुकसान होतंच. संशोधक ज्युडिथ डोनाथ यांनी १९९९ मध्ये ट्रोलिंगचं वर्णन ओळख लपवून खेळलेला खेळ असं केलं, ज्यात बहुतेक खेळाडूंची संमतीच घेतलेली नसते. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती: वारंवार फसलेला गट प्रामाणिक प्रश्नांकडेही संशयाने बघू लागतो.

म्हणजे गटात आज पहिल्यांदाच आलेली एक मुलगी. तिला खरंच जाणून घ्यायचंय की काच ओघळते का. ती विचारते, आणि खाली पहिलं उत्तर येतं: ‘चल निघ, ट्रोल.’