एका धावेचा हिशेब

(दृश्य: धावफलक. शेवटचा आकडा बदलतो आणि थांबतो.)

दीडशे धावांनी हरलेली मॅच कुणाच्या लक्षात राहत नाही. पाचव्या विकेटलाच टीव्ही बंद झालेला असतो, शिव्या देऊन झालेल्या असतात, माणूस जेवून झोपतो. एका धावेनं हरलेली मॅच मात्र संपत नाही. शेवटचा चेंडू पडला की ती चाहत्याच्या डोक्यात नव्यानं सुरू होते.

आधी तो शेवटची ओव्हर पुन्हा खेळतो. मग त्याच्या आधीची. तो कॅच घेतला असता तर? ती दुसरी धाव पळाले असते तर? मॅच रंगात असताना जागेवरून हलायचं नाही असं ठरलेलं असताना मधेच पाणी प्यायला कोण उठलं होतं, त्याचीही चौकशी होते. शेवटी बोट स्कोअरकार्डाच्या तळाशी जातं, अवांतर धावांच्या ओळीवर. एरवी त्या ओळीकडे ढुंकूनही न पाहणारा माणूस आज वाइड किती, नो-बॉल किती, लेगबाय किती, हे मोजत बसतो. एकच तर धाव हवी असते. ती सापडतेच.

(दृश्य: चेपॉक, जुनी छायाचित्रं.)

९ ऑक्टोबर १९८७. चेन्नईला तेव्हा मद्रास म्हणत. वर्ल्ड कपमधली भारताची पहिली मॅच, समोर ऑस्ट्रेलिया, आणि आपण गतविजेते. डीन जोन्सचा एक उंच फटका सीमारेषेपाशी पडला. रेषेच्या अलीकडे की पलीकडे? पंचांनी चौकार दिला आणि ऑस्ट्रेलियाचा डाव २६८ वर संपला. मधल्या वेळेत ऑस्ट्रेलियाकडून हरकत आली : तो सिक्सर होता. पंचांनी कपिल देवला विचारलं, कपिलनं मान्य केलं. २६८ चे २७० झाले.

आपली सुरुवात झकास होती. श्रीकांत ७०, आणि पहिलीच वनडे खेळणाऱ्या सिद्धूच्या ७३. धावफलक २ बाद २०७ दाखवत होता. आठ विकेट शिल्लक, ६४ धावा हव्यात. इथून कोण हरतं? आपण हरलो. स्टीव्ह वॉच्या शेवटच्या ओव्हरमध्ये ६ हव्या होत्या आणि शेवटची जोडी मैदानात होती. मणिंदर सिंगनं त्यातल्या चार काढल्या. पाचव्या चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. सर्वबाद २६९. (आदल्याच वर्षी, याच मैदानावर टाय झालेल्या कसोटीतही शेवटचा बाद झाला तो मणिंदरच. काही माणसांच्या वाट्याला काय येतं, बघा.)

आता चाहत्याचा हिशेब मांडा. चौकार चौकारच राहिला असता, तर २६८ विरुद्ध २६९, म्हणजे आपण जिंकलो. कपिलच्या दिलदारपणाला पुढची कितीतरी वर्षं लोकांनी बोल लावले ते याच हिशेबावर. पण आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. आपण खेळायला उतरलो तेव्हाच २७१ हव्यात हे ठाऊक होतं. त्या दोन धावा डाव सुरू व्हायच्या आधीच मान्य झाल्या होत्या. गेली ती मॅच २०७ च्या पुढे, जेव्हा सगळे निवांत बसले होते. निवांत गमावलेल्या धावांचा राग येत नाही, हीच तर गंमत आहे. राग काढायला शेवटचा माणूस हवा असतो.

(दृश्य: तेच मैदान, १९९९. पाठीवर हात ठेवून उभा असलेला सचिन.)

सव्वाअकरा वर्षांनी, त्याच चेपॉकवर, तो शेवटचा माणूस चक्क सचिन ठरला.

३१ जानेवारी १९९९. पाकिस्तानविरुद्धची कसोटी, विजयासाठी २७१. दौऱ्यालाच विरोध होता, दिल्लीची खेळपट्टी उखडली गेली होती. हवा तापलेलीच होती. ५ बाद ८२ झाले आणि आशा सोडली, तोच सचिन आणि मोंगियानं १३६ धावांची भागी रचली. सचिनची पाठ इतकी दुखत होती की दोन चेंडूंच्या मधे तो वाकून उभा राही. मोंगिया गेला तरी तो थांबला नाही. १७ हव्या असताना सकलेनला उंच मारायला गेला आणि अक्रमनं कॅच घेतला. सचिन १३६ वर बाद. त्या क्षणी आपण टीव्ही बंद केला, असं तेव्हाचा जो तो सांगतो. बंद न करणाऱ्यांना पुढे चारच धावा दिसल्या. तीन विकेट, चार धावा, आणि १२ धावांनी हार. सामनावीर ठरलेला सचिन बक्षीस घ्यायलाही बाहेर आला नाही.

‘सचिन मॅच संपवत नाही’ ही तक्रार त्या संध्याकाळनंतर बरीच वर्षं ऐकू येत राहिली. उरलेल्या तिघांकडून १७ धावा का निघाल्या नाहीत, हे फार थोड्यांनी विचारलं.

पण मैदानात बसलेले लोक वेगळे निघाले. पाकिस्तानचा संघ मैदानाला फेरी मारायला निघाला, आणि चेपॉकचं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. घास हातातोंडाशी येऊन गेलेला, तरी टाळ्या. घरात टीव्हीसमोर बसून हे जमत नाही. तिथे फक्त रिमोट हाताशी असतो. मैदानात समोरच्या संघानं गाळलेला घामही दिसतो.

आणि आपण जिंकलो की? २३ मार्च २०१६, बेंगळुरू. बांगलादेशला तीन चेंडूंत दोन हव्या होत्या, मुशफिकुर रहीमनं मूठ हवेत उडवून आनंदही करून घेतला होता. तीन चेंडूंत तीन विकेट गेल्या. आपण एका धावेनं जिंकलो. त्या रात्री अवांतर धावांची ओळ इथे कुणी वाचली नाही. त्याला आपण जिगर म्हणालो.

(दृश्य: लॉर्ड्स, जुलै २०२५.)

सिराजनं इंग्लंडच्या बशीरचा चेंडू बॅटच्या मधोमध घेतला. चेंडू पायाशी पडला, फिरला, हळूच मागे घरंगळला, आणि एक बेल खाली आली. २२ धावांनी हार; दुसऱ्या टोकाला जडेजा ६१ वर नाबाद. इतका वेळ तग धरलेल्या सिराजनं चेंडूला पाय का मारला नाही, यावर पुढचे कित्येक दिवस चर्चा चालली.

तीन आठवड्यांनी ओव्हलवर इंग्लंड ३ बाद ३०१ होतं, हव्या होत्या ३७४. शेवटची विकेट सिराजनं घेतली, अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा. आपण सहा धावांनी जिंकलो. ब्रूक १९ वर असताना सिराजनंच त्याचा कॅच घेऊन सीमारेषेवर पाय ठेवला होता. ब्रूकनं पुढे १११ केल्या. तो पाय आता कुणाला आठवेना. इंग्लंडचे लोक मात्र ३०१ पासून पुढे एकेक चेंडू मोजायला बसले.