ऑर्डरचं टेबल, घरचं टेबल

[दृश्य: दिव्याखाली रुळांचा तुकडा. ब्रशचं टोक दोन स्लीपरमधली खडी हळूहळू सारतंय.]

मॉडेल रेल्वेच्या या दोन रुळांमधलं अंतर आहे साडेसोळा मिलिमीटर. खऱ्या स्टँडर्ड गेज लोहमार्गाचे १,४३५ मिलिमीटर ८७ने भागले की एवढंच उरतं. या मापाला एचओ म्हणतात.

माझ्या खोलीत दोन टेबलं आहेत. खिडकीपाशी ऑर्डरचं, म्हणजे लोकांनी सांगितलेल्या मॉडेलांचं; भिंतीपाशी माझं. ऑर्डरच्या टेबलावर तारीख चिकटवलेली असते. माझ्या टेबलावर एका बोगद्याचं तोंड चार वर्षं अर्धवट पडून होतं.

ऑर्डरचं काम मी कधीच कमी मानलं नाही. कुणी जुना फोटो घेऊन येतं, त्यात लहानपणी पाहिलेलं स्टेशन असतं, आणि ते जसंच्या तसं हवं असतं. जसंच्या तसं होत नाही, हे समजावणं हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. खऱ्या मार्गावरचं ५०० मीटर त्रिज्येचं वळण या मापात पावणेसहा मीटर भरतं, आणि टेबलावर मिळतो जेमतेम अर्धा मीटर. मग काय आखडायचं? एका गृहस्थांनी सांगितलं होतं, "फलाट कमी करा, डबे कमी करा, पण पाण्याची टाकी सोडू नका." त्या टाकीवर मी तीन दिवस घालवले. ती त्यांची आठवण होती, तिथे मला माझी आवड घुसवायची नव्हती.

[दृश्य: ड्रॉपरमधून पांढरा गोंद खडीत झिरपतो.]

आता हे नीट पाहा. खडी आधी कोरडीच पसरायची. मग बारीक फवाऱ्याने ओली करायची. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब हवा, नाहीतर पाणी खडीवर गोळे होऊन बसतं आणि दाणे हलतात. त्यानंतर पातळ केलेला गोंद, थेंब थेंब. सांध्यापाशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे आलात, की हात आखडता घ्या. तिथल्या हलणाऱ्या पट्ट्यांत गोंद गेला, की सांधा फिरत नाही.

माझ्या हातून हे झालंय, आणि तेही ऑर्डरच्या कामात. द्यायची तारीख दोन दिवसांवर होती. सांधा उखडून नवा बसवला, पुन्हा खडी घातली. त्या रात्री लक्षात आलं की ही पद्धत मी पहिल्यांदाच करत होतो, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या रुळांवर. माझ्या टेबलावर वर्षभर हातच फिरला नव्हता, मग शिकणार कुठे?

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली होती. एका ऑर्डरला सिग्नल कमी पडला, म्हणून मी माझ्या लेआउटवरचा, म्हणजे माझ्या टेबलावर मांडलेल्या रेल्वेवरचा, काढून लावला. वाटलं, नंतर नवा आणू. तो आजतागायत आला नाही. त्या जागेवर अजून भोक आहे, आणि ते मी मुद्दाम बुजवलेलं नाही.

तेव्हापासून सकाळचा पहिला तास भिंतीकडच्या टेबलाचा. दिवसभर ऑर्डर करून उरलेल्या वेळात स्वतःचं काम करू म्हटलं, की फक्त झाडं चिकटवण्यासारखी बिनडोक्याची कामं होतात. बोगदा कुठून वळवायचा, डोंगर किती उंच ठेवायचा, हे थकलेल्या डोक्याने ठरत नाही. काही जण स्वतःच्या लेआउटलाही तारीख लावतात. मला ते पटत नाही. तारीख लावली की तीही एक ऑर्डरच होते.

बाकी जमवाजमव गोंदाच्या हिशोबाने. खडीचा गोंद वाळायला अख्खी रात्र जाते आणि प्लॅस्टरही वेळ घेतं. ऑर्डरवर गोंद ओतला, की खुर्ची वळवायची.

[दृश्य: भिंतीकडचं टेबल. बोगद्याचं तोंड, आतून येणारे रूळ.]

आता हे तोंड पुरं झालंय. वर काजळी चढवायची आहे. वाफेचं इंजिन इथून जायचं, तेव्हा धूर कमानीच्या मध्यावर आदळायचा, म्हणून काळपट तिथेच दाट आणि कडांना विरळ. काळ्या पावडरीच्या तीन छटा करून पाहिल्या, दोन पुसून टाकल्या. तिसरी आज सकाळी जमली.

पुढच्या महिन्यातल्या ऑर्डरमध्येही एक बोगदा आहे.