मालक नेमका कोण?

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी सरली की खान्देशात कापसाच्या जिनिंगची धडधड वाढते, नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या लाल होतात. माणसं मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा कंत्राटदार, आणतो; पैसेही तोच वाटतो. मजुरी थकली की गेटवर ठरलेलं उत्तर मिळतं, "तुम्ही आमचे नाही, मुकादमाचे." हे उत्तर कुठे टिकतं आणि कुठे नाही, ते मुख्यतः सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी ठरवलं आहे.

१९७३ साली सिकंदराबादच्या एका शिलाई दुकानाचा वाद तिथे पोहोचला. कारागीर नगावर शिवायचे, वाटेल तेव्हा यायचे-जायचे. तरी ते नोकरच ठरले, कारण मशीन दुकानाची होती आणि शिवण बिघडली तर पुन्हा शिवून घ्यायचा हक्क मालकाचा होता. किलोमागे मिरचीची देठं खुडणाऱ्या बायांना हा निकाल कामाचा आहे. किलोवर पैसे मिळतात, एवढ्यावरून कोणी कामगार नाही असं ठरत नाही.

त्याहून नेमका निकाल १९७८चा, कोझिकोडच्या दोरखंडाच्या कारखान्याचा. कच्चा माल, जागा, अवजारं मालकाची. तयार मालही त्याचाच. मग मध्ये कंत्राटदार उभा केला म्हणून काय झालं? ज्याच्या धंद्यासाठी राबणं, ज्याने हात आखडला की चूल विझते, तोच मालक, असं न्यायालय म्हणालं.

पुढे मात्र वाट अरुंद झाली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की सरकारने एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत बंद केली म्हणून मजूर मूळ मालकाकडे आपोआप कायम होत नाही. कंत्राट निव्वळ देखावा आहे, हे औद्योगिक न्यायाधिकरणात पुराव्याने दाखवावं लागतं. २०१४च्या निकालाने प्रश्नही मोजून दिले: नेमणूक कोणाची, पगार कोण देतो, काढू कोण शकतो, शिस्तीची कारवाई कोण करतो, काम सलग आहे का, कामावर देखरेख आणि ताबा किती? बहुतेक दावे इथेच अडकतात. सगळं तोंडी चाललेलं असतं. हजेरी मुकादमाच्या वहीत, आणि ती वही दाव्याच्या वेळी सापडत नाही.

मजुरीचा मुद्दा वेगळा, आणि तो जास्त भक्कम. दिल्लीत आशियाई खेळांच्या बांधकामावर रोजचे ९ रुपये २५ पैसे ठरलेले. जमादार, म्हणजे मजूर आणणारा मध्यस्थ, रुपया कापून ८.२५ हातावर टेकवायचा. १९८२ मध्ये न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम घटनेच्या कलम २३ खाली वेठबिगार ठरवलं. "किमान वेतन परवडत नाही" ही मालकाची सबब तर १९६१ सालीच फेटाळली गेली होती.

म्हणून गेटपास, वजनाच्या चिठ्ठ्या, उचलीची नोंद, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप निरोप तारखेसह जपा. कोऱ्या व्हाउचरवर अंगठा देऊ नका. कामगार कार्यालयातल्या अर्जात एकट्या मुकादमाला धरू नका, नाहीतर मालक अलगद बाहेर राहतो. दोघांची नावं घाला, आणि पोचेवर शिक्का मारून घ्या.