पदाआधीचं वाक्य

(बेळगावात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी झालेल्या संगीत नाटक आणि ऑडिशन कार्यशाळेतलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मित्रांनो, तुमचे फॉर्म मी वाचले. 'काय सादर करणार?' या रकान्यात जवळजवळ सगळ्यांनी आपल्याला येणारं सगळ्यात अवघड पद, म्हणजे नाटकातलं गाणं, लिहिलंय. काहींनी तर रागाचं नाव लिहून पुढे तानांचा उल्लेखही केलाय. हौस दांडगी आहे, त्याबद्दल वादच नाही. पण ऑडिशन म्हणजे गाण्याची परीक्षा, असं धरून तुम्ही आलाय. त्याबद्दलच आज बोलतो.

समोर टेबलामागे बसलेल्या माणसाला तुमची तान मोजायची नसते. तान चांगली असेल तर गायनाच्या स्पर्धेत जा, ढाल घेऊन या. संगीत नाटकासाठी माणूस निवडताना आम्ही बघतो ते वेगळंच. हा मुलगा आत्तापर्यंत बोलत होता, तो गायला का लागला? ते जर आम्हाला पटलं, तर गळा बेताचा असला तरी चालतो. नाही पटलं, तर गळा कितीही तयार असो, पुढचा नंबर पुकारायचा.

हे काही मी काढलेलं शास्त्र नाही. आपल्या संगीत नाटकाचा जन्मच यातून झाला, आणि तोही आपल्या उंबऱ्यावर. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्याला निमित्त झाले ते कर्नाटकातून सांगलीला आलेल्या भागवत मंडळींचे खेळ. भाव्यांच्या नाटकात गायचं काम सूत्रधाराचं. तो पद म्हणणार, पात्रं त्यावर हावभाव करणार, आणि मग आयत्या वेळी सुचेल तसं गद्य बोलणार. म्हणजे दुःख सीतेचं, पण गळा सूत्रधाराचा. त्याच 1843 साली आपल्या जिल्ह्यात गुर्लहोसूरला बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर जन्माला आले. पुढे 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेबांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा मुख्य उलथापालथ ही झाली की पद पात्राच्या तोंडी गेलं. दुष्यंताचं दुष्यंतानेच गायचं, कण्वाचं कण्वाने. आता गाणारा बाजूला उभा राहून सुटू शकत नव्हता. त्या दिवसापासून 'गाता येतं का?' या प्रश्नाला 'कुणाच्या तोंडून?' हा दुसरा प्रश्न कायमचा चिकटला.

त्यासाठी पदाच्या आधीचं गद्य बघा. तुम्ही पद पाठ करता ते यूट्यूबवरून, नाहीतर घरातल्या जुन्या वहीतून. त्यामुळे ते नाटकातून उपटून काढलेलं असतं, मुळांसकट नव्हे. संहिता उघडा आणि त्या पदाआधीची दहा वाक्यं वाचा. कोण काय बोललं? कुठल्या वाक्यापाशी बोलणं पुरेनासं झालं?

किर्लोस्करांच्याच 'सौभद्र'मधलं सुभद्रेचं पद 'वद जाऊ कुणाला शरण' घ्या. सकाळी तिघींनी म्हटलं. तिघींनी डोळे मिटले, हात जोडले आणि समोरच्या भिंतीकडे बघून भजनासारखं म्हटलं. सूर चांगले होते. पण सुभद्रा देवळात उभी नाहीये. बलरामदादाने तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचा जीव अर्जुनात आहे, आणि शेजारी सखी आहे. पहिलाच शब्द 'वद', म्हणजे सांग ना. हा प्रश्न आहे, आणि तो त्या सखीला विचारलाय. मी दुसऱ्या एका मुलीला शेजारी बसवलं आणि गाणारीला सांगितलं, आधी हेच तुझ्या भाषेत हिला विचार. ती थोडी लाजली, मग म्हणाली, 'सांग की गं, कुणाकडं जाऊ मी आता?' म्हटलं, थांबू नकोस, याच श्वासात पद उचल. तबला नव्हता, पेटीवर नुसता षड्ज, म्हणजे 'सा', होता. 'कुणाला' या शब्दावर तिने आपसूक मान वळवली आणि स्वर थोडा दाबला. एरवी तिथे ती हरकत घेते, ती तिने घेतलीच नाही. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलंय, मी वेगळं काय सांगू!

ही सुभद्रा पहिल्यांदा गाजवली ती भाऊराव कोल्हटकरांनी, एका पुरुषाने. त्यामुळे मुलींनो, जुन्या ध्वनिमुद्रिकेतली पट्टी, म्हणजे ज्या सुराला 'सा' धरून गायचं तो सूर, तुमची पट्टी नव्हे. काळी पाचमध्ये गाणारी मुलगी हट्टाने दुसऱ्याच्या पट्टीत गाते आणि अंतऱ्याला गळा चिरतो, हे दर वेळी होतं. आपली पट्टी फॉर्मवर लिहून ठेवा. पेटीवाल्यांना पट्टी सांगा, पहिली ओळ हळू गुणगुणून लय दाखवा, आणि मगच जागेवर उभे राहा. मोबाइलवरचा कराओके ट्रॅक आणू नका. तुम्हाला एक क्षण थांबावंसं वाटलं तर ट्रॅक थांबत नाही, आणि नाटकात तर सगळी गंमत त्या थांबण्यात असते.

वेळेचं गणितही समजून घ्या. ब्रॉडवेच्या संगीतिकांच्या ऑडिशनमध्ये अनेकदा गाण्याचे फक्त 16 बार, म्हणजे तालाचे 16 छोटे खंड, मागतात, म्हणजे साधारण अर्धा मिनिट. एवढ्यात माणूस काय दाखवणार, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्याकडे त्यासाठी फार सुंदर सोय आहे आणि ती कुणीच वापरत नाही: साकी आणि दिंडी, हे दोन छोटे गेय छंद. किर्लोस्करांच्या नाटकात त्या भरपूर आहेत. कीर्तनातून आलेल्या, चार ओळींत आटोपणाऱ्या, तबल्याशिवायही म्हणता येणाऱ्या. दिंडीच्या चरणात 19 मात्रा, नवव्या मात्रेनंतर यती, म्हणजे थांबा. त्या यतीवर श्वास घ्यायचा की पुढच्या शब्दाकडे नजर टाकायची, एवढ्यावरून नट कळतो. तीन मिनिटांचं पद म्हणताना तुम्ही दुसऱ्या मिनिटाला मुखड्यात लपता. दिंडीत लपायला जागाच नाही.

'बस, थांबा' म्हटलं की तोंडं उतरतात. अरे, ते नकार देणं नसतं. बऱ्याचदा हवं ते कळलेलं असतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. 'आता हेच चिडून म्हणा', 'आता हेच पाच वर्षांच्या पोराला समजावल्यासारखं म्हणा'. इथे तुम्ही वाद घालू नका, 'सर, पण हा करुण रस आहे' असं सांगू नका. आम्हाला माहीत आहे तो करुण आहे. आम्ही बघतोय की तालमीत सूचना दिली तर तुम्ही वळता का.

आता भाषेचं. इथली मुलं पुण्या-मुंबईच्या ऑडिशनला गेली की पहिलं वाक्य बोलताच कुणीतरी हसतं. मग पुढची दहा मिनिटं ती कुणाची तरी उसनी मराठी बोलतात आणि त्या नादात नाटक राहून जातं. मला याचा राग येतो, हसणाऱ्यांचा आणि तुमच्याही घाबरण्याचा. प्रमाण उच्चार यायलाच हवेत, त्यात सवलत नाही. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' हे रोज अर्धा तास घासा. पण ते भूमिकेसाठी, स्वतःची जीभ लपवायला नव्हे. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, कानडी मुलखातले. मराठी संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करून त्यांनी महाराष्ट्र गाजवला. बालगंधर्वांबरोबर उभ्या राहिलेल्या गोहरबाई विजापूरकडच्या. किर्लोस्करांनी तर पदांना कानडी चाली सर्रास घेतल्या.

आणि तुमच्या कानावर आणखी एक गोष्ट पडलेली आहे, जी पुण्याच्या मुलाला नाही. गोकाक, अथणी, रायबाग भागातल्या किती जणांनी 'श्रीकृष्ण पारिजात' हा कानडी लोकनाट्याचा खेळ बघितलंय? बघा, हात वर आले. तो खेळ गाजवणाऱ्या कौजलगीच्या निंगम्मांचं नाव तुमच्या आज्जीला विचारा. त्या खेळात भागवत, म्हणजे सूत्रधार, आणि दूती यांची जी जुगलबंदी चालते, ती गद्यातून पदात आणि पदातून गद्यात इतकी सहज फिरते की मधला सांधा दिसत नाही. मी आज सकाळपासून जे घसा फोडून सांगतोय, ते तिथे रात्रभर मांडीवर पोर घेऊन बसलेल्या बायका फुकट बघतात. एणगी बाळप्पा आपल्याच जिल्ह्यातले, कानडी कंपनी नाटकांत आयुष्य घालवलेले, 2017 साली शंभरी ओलांडून गेले. मराठी नाटकवाल्या आपल्या पोरांना त्यांचं नावही ठाऊक नसतं. मराठी-कानडीचं राजकारण ज्यांना करायचं त्यांनी करावं. नटाने मात्र दोन्ही गल्ल्यांतून फिरावं.

पुढे शिकायचं असेल तर थोडक्यात सांगतो. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही. बेंगळुरूला त्यांचं केंद्र आहे. हेग्गोडूला नीनासम ही नाट्यसंस्था आहे, तिथे कानडी पक्कं हवं. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठातही नाट्यकलेचा विभाग आहे. माहितीपत्रक दर वर्षी बदलतं, तेव्हा मागच्या वर्षीच्या मित्राचं ऐकून जाऊ नका, स्वतः वाचा. आणि फोटो साधा द्या, फिल्टर लावलेला नको. दारातून वेगळाच माणूस आत आला की आमची पंचाईत होते.

जेवणानंतर प्रत्येकाने एक दिंडी किंवा साकी आणि तिच्याआधीची दहा वाक्यं घेऊन यायचं. समोर कोण आहे हे ठरवून यायचं, भिंत चालणार नाही. पेटीवाले काका चारच्या बसने खानापूरला जातात. ज्यांची पट्टी अजून ठरलेली नाही त्यांनी आधी नंबर लावा. बाकीच्यांचं पाचपर्यंत चालेल, त्यांना नुसत्या तंबोऱ्यावर म्हणावं लागेल.