चार का, दोन का नाही?

नमस्कार श्रोतेहो. दारू, तंबाखू, चुकवलेल्या गोळ्या, कशासाठीही माणूस समुपदेशकाकडे येतो तेव्हा तोटे त्याला पाठ असतात. सोडायचंही असतं आणि सोडवतही नसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या रुग्णांबरोबर काम करताना 1983 साली यावर एक पद्धत मांडली. पुढे स्टीफन रॉल्निक त्यांना येऊन मिळाले. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, आम्ही नुसतं ‘एमआय’ म्हणतो. बदलाची कारणं आपण सांगायची नाहीत, ती समोरच्याच्या तोंडून यायला हवीत. पुन्हा सांगते, समोरच्याच्या तोंडून.

पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत आमचं प्रशिक्षण चालू होतं. मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या, कमरेला मिश्रीची डबी. समोर आमची शिकाऊ मुलगी. मावशी बसता बसताच म्हणाल्या, “कॅन्सर होतो, ठावं हाय मला. त्ये सोडून बोल.”

मुलगी म्हणाली, “तेच तेच ऐकून कंटाळलात.”

“मंग! पहाटं माल घ्यायला जायचं. लावल्याबिगर पोट साफ होत न्हाई.”

“सकाळ तिच्यावरच निघते.” एवढंच बोलून मग तिनं विचारलं, “मावशी, शून्य ते दहामध्ये सांगा, मिश्री सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?”

“चार.”

आता नवख्याच्या जिभेवर येतं, ‘चारच? आठ का नाही?’ तसं विचारलं की माणूस न सोडण्याची कारणं मोजू लागतो. हिनं विचारलं, “चार का, दोन का नाही?”

मावशी गप्प. मुलगीही गप्प राहिली, आणि ते मला फार आवडलं.

“नात दोन वर्साची हाय,” मावशी म्हणाल्या. “परवा डबीत बोट घालून दातावर फिरवत व्हती. माझंच बघून.”

“तिच्या हाती ती डबी जायला नको.”

“न्हाईच जायला पायजे!” आणि मावशींनी स्वतःच ठरवलं, दुपारची बंद, आणि डबी घरी न्यायची नाही, गाळ्यावरच ठेवायची. त्यानंतर मुलीनं विचारलं, “पोट साफ होण्यासाठी काही सुचवू का?” आधी परवानगी, मग सल्ला.

आता निघालंच आहे म्हणून सांगते. तंबाखूविरोधी फेऱ्यांत मुलांच्या हाती गुटख्याची, सिगारेटची चित्रं असतात. मिश्रीची डबी मला कधीच दिसली नाही. भाजलेली तंबाखूच ती, आणि घरातल्या बायकांचं बघून मुली लावायला शिकतात. त्या फलकांवर ती यायलाच हवी.

तर शिकणाऱ्यांसाठी. एक प्रश्न विचारलात, तर दोनदा समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत द्या. एक प्रश्न, दोनदा परत. संमती घेऊन सत्राचं ध्वनिमुद्रण करा आणि जास्त कोण बोललं ते ऐका. दोन दिवसांच्या कार्यशाळेत हे अंगवळणी पडत नाही. नंतरही कुणा जाणत्याला आपली सत्रं ऐकवत राहा. आमची ती मुलगी अजून ऐकवते.